शाईपेन, मनीऑर्डर आणि खारा वारा

मालवणातून बोलतोय आणि बाहेर धो-धो पाऊस आहे, त्यामुळे मध्येच कौलांचा आवाज आला तर समजून घ्या. हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय त्यांना तेवढं सुख.

गेले काही दिवस एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, आजोबांच्या ट्रंकेत जुनं शाईपेन सापडलं. किती येतील?" सोबत फोटो. बहुतेक फोटोंत एक जाडजूड, विटकरी-काळपट पेन, गंजलेली क्लिप, निबवर हिरवट थर. खरं सांगतो, दहातल्या नऊ पेनांना बाजारात दोन-चारशे रुपयांच्या वर कोणी विचारणार नाही. पण मी गेली बरीच वर्षं अशी पेनं उघडतोय, धुतोय, चालू करतोय. माझा अनुभव असा की स्वस्तातल्या पेनांत जेवढा आपल्या भागाचा इतिहास सापडतो, तेवढा महागड्या पेनांत सापडत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. शाईपेन येण्यापूर्वी आपल्याकडे बोरू होता. वेताची किंवा बांबूची काडी, टोकाला तिरका काप. मोडी लिपी याच बोरूने पळायची, हात फारसा न उचलता. दौतीत बुडवा, चार शब्द लिहा, परत बुडवा. शाई घरीच व्हायची. एक काजळीची, डिंक घालून घोटलेली. दुसरी हिरड्याची, म्हणजे हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकायचा. ही दुसरी गंमतशीर आहे. कागदावर उतरते तेव्हा फिकी दिसते, मग हवा लागली की हळूहळू काळी पडते आणि कागदात मुरते. युरोपात हेच ओकच्या झाडावरच्या गाठी वापरून करायचे. रसायन एकच, टॅनिन आणि लोह. आपल्या सह्याद्रीतला हिरडा आणि त्यांचा ओक, दोघं एकाच कामाला लागलेले.

मग इंग्रजी शाळा आणि कचेऱ्यांबरोबर टाक आला, म्हणजे लाकडी दांडीला लावलेलं पोलादी निब. तोही बुडवायचाच. बुडवण्यातून सुटका हवी म्हणून जगभर लोक डोकं खाजवत होते. पेत्राके पोएनारू नावाच्या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ साली पॅरिसमध्ये पोटात शाई असलेल्या पेनाचं पेटंट घेतलं. पण खरी अडचण शाई साठवायची नव्हतीच, ती हवी तेवढीच बाहेर सोडायची होती. बाटली उलटी करा, एक तर काहीच येत नाही, नाहीतर भसकन येतं. शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत जायला हवी. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते याच गोष्टीचं. निबच्या खालच्या तुकड्यात बारीक चिरा, त्यातून शाई बाहेर आणि हवा आत. त्या तुकड्याला आपल्याकडे जीभ म्हणतात. वॉटरमन विमा एजंट होता, करारावर शाई सांडली, गिऱ्हाईक गेलं, म्हणून त्याने पेन शोधलं, ही गोष्ट तुम्ही रील्समध्ये ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण ती कंपनीच्या जाहिरातीतून मोठी झालेली आहे. पुरावा विचाराल तर हाती काही लागत नाही.

जुन्या मराठी पुस्तकांत या पेनाला "झरणी" असा सुरेख शब्द भेटतो. टिकला नाही. लोकांनी आधी "फाउंटनपेन" म्हटलं आणि मग सरळ "शाईपेन".

आता मालवणात हे पेन आलं कसं? जे काही आलं ते मुंबईहून आलं, तसंच हेही. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण मार्गावर धावायला लागली १९९८ मध्ये. त्याआधी बोट. मुंबईहून आगबोट निघायची, एकेक बंदर घेत खाली यायची. पावसाळ्यात ती बंद, मग घाट उतरून येणारा रस्ता. आधी वकील, मामलेदार कचेरीतले कारकून, शाळामास्तर यांच्या खिशाला पेन लागलं. पण माझ्यासमोर टेबलावर जी पेनं येतात ती बहुतेक त्यांची नसतात. ती गिरणीकामगारांची असतात.

हे जरा नीट सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरचीच ही गोष्ट आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्गातून पुरुष गेले. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ साली, तोवर सगळं रत्नागिरीच.) बायका-मुलं गावाला. मुंबईत गाववाल्यांची एक खोली, तिच्यात वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची. आणि महिन्याला गावाला मनीऑर्डर. पोस्टाने मनीऑर्डरचं काम १८८० मध्ये हातात घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी पोस्टकार्ड आलं होतं, पाव आण्याचं. या दोन कागदांवर कोकणातली घरं चालली असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी पट्टी असायची. पैसे कोणाकडून आले ते, आणि दोन ओळी मजकुराला जागा. "मी खुशाल आहे. पोराला शाळेत घाल. घर शाकारून घे." एवढंच. खोलीत सगळ्यांना लिहिता यायचं नाही. एखादा चौथी-सातवी शिकलेला असायचा, तोच सगळ्यांचं लिहायचा. पेनही एकच. इकडे गावात पोस्टमन फॉर्म घेऊन दारात. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. म्हणजे बघा, पैसा नवऱ्याने घामाने मिळवलेला, घर तिचं, पण तिच्या हातात रक्कम पडायची ती तिसऱ्याच कुणाच्या तरी साक्षीने.

हे डोक्यात ठेवा, याच्याकडे परत यायचंय. मध्ये शाईकडे वळतो, कारण पेन आलं तरी शाई कुणाची, हा प्रश्न १९३०च्या आसपास पेटलेला होता.

१९३१ साली मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर या भावांनी शाईचा धंदा सुरू केला. सुरुवात शाईच्या भुकटीपासून आणि गोळ्यांपासून, घोडा छाप. पुडी पाण्यात टाका, हलवा, झाली शाई. मग शाईपेनात चालेल अशी शाई काढली, कॅमल. त्या कॅमल आणि इंकवरून कॅम्लिन. तुमच्या कंपासपेटीवर होतं तेच. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यातला मोठा हिस्सा घेतला. पेनासाठी शाई बनवणं हे ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. बोरूची काजळी शाईपेनात घालून बघा, म्हणजे नकाच घालू. काजळीचे कण त्या बारीक चिरांत बसतात आणि पेन कायमचं मुकं होतं. शाईपेनाला रंग पूर्ण विरघळलेला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या "बंद पडलेल्या" पेनांतली कितीतरी अशीच कुणीतरी हौसेने ड्रॉइंगची काळी शाई भरलेली असतात.

तिकडे बंगालमध्ये १९३४ मध्ये सुलेखा शाई सुरू झाली, तीही स्वदेशीच्याच भरात. आणि आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम नावाचे कारागीर एबोनाइटची पेनं बनवत होते. त्यांनी आपलं पेन गांधीजींना पाठवलं, ते जे. सी. कुमारप्पांमार्फत पोचलं. गांधीजी तेव्हा वर्ध्याला होते, ग्रामोद्योग संघाचं काम जोरात होतं. १६ जुलै १९३५च्या पत्रात त्यांनी रत्नमना कळवलं की पेन वापरलं आणि बाजारातल्या विदेशी पेनांना हे चांगला पर्याय वाटतं. म्हणजे देशी शाईपेनाला मिळालेलं ते प्रसिद्ध प्रशस्तिपत्र महाराष्ट्रातून गेलेलं आहे.

यावरून एक किस्सा आठवतो. २००९ मध्ये माँ ब्लाँ कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचं पेन काढलं. नग फक्त २४१, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची. किंमत ११ लाखांच्या वर. केरळात प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये विक्री थांबवावी लागली. आपल्या शिरोड्यालाही १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. त्या मिठाच्या नावाने अकरा लाखांचं पेन! मला त्या पेनाचं काम बघायला आवडलं असतं, कबूल. पण विकत घेणाऱ्याने त्याने नेमकं काय लिहिलं असतं हे मात्र कळत नाही.

आणि एक फॉरवर्ड. "भारताचं संविधान अमुक कंपनीच्या शाईपेनाने लिहिलं." दर २६ जानेवारीला येतो. संविधानाची हस्तलिखित इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, ती टाकाने. निब बुडवून, ओळीमागून ओळ. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची. सुलेखनाला तेव्हाही टाकच लागायचा, कारण त्या निबला जी लवचिकता असते ती साध्या शाईपेनाला नसते. बाबासाहेबांना पेनांची मनापासून आवड होती हे खरं, पण ती वेगळी गोष्ट. दोन्हींची खिचडी करू नका.

चला, आता पेन उघडू.

हातात जुनं पेन आलं की पहिलं काम नाकाचं. अंगठ्याने पेन जोरात घासा, गरम होऊ दे, आणि हुंगा. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण त्यात खरोखरच कापूर असतो. जळक्या दुधासारखा वास आला तर केसीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेलं प्लास्टिक. काहीच वास नाही, तर बहुधा नंतरचं साधं प्लास्टिक. हे का बघायचं? कारण यूट्यूबवर बघून लोक सगळी पेनं सरसकट पाण्यात बुडवून ठेवतात. केसीन पाण्यात फुगतं आणि वाकडं होतं. एबोनाइट पाण्यात राहिलं की काळ्याचं तपकिरी होतं. सेल्युलॉइडला गरम पाणी चालत नाही, आणि विस्तव तर त्याच्या आसपासही नको, भडकन पेट घेतं. लायटर लावून "टेस्ट" करणाऱ्यांनी कृपया ऐका.

आपल्या किनाऱ्यावर तर पेनाचे हाल दुप्पट. दमट हवा आणि ऊन मिळून एबोनाइटचा रंग उडवतात, म्हणून तो विटकरी-काळपट रंग. खारा वारा क्लिप खातो. तरफेने शाई भरायची पेनं, म्हणजे अंगावर छोटी दांडी असलेली, ज्यांचं पेटंट अमेरिकेत शेफरने १९०८ मध्ये घेतलं, त्यांच्या पोटात एक पोलादी पट्टी असते. ती पट्टी रबरी पिशवी दाबते, सोडली की पिशवी शाई ओढते. मालवणात त्या पट्टीची वीस-तीस वर्षांत गंजून भुकटी झालेली असते आणि पिशवी एक तर काचेसारखी कडक, नाहीतर गुळासारखी चिकट. भारतीय कारागिरांनी हा सगळा खटाटोपच टाळला. ड्रॉपरने थेट पेनाच्या पोटात शाई. पट्टी नाही, पिशवी नाही, बिघडायला काही नाही. आपल्या हवेत तीच पेनं टिकली यात मला नवल वाटत नाही.

त्यांचा दोष एकच, गळणं. शर्टाच्या खिशाला निळा डाग हा एका अख्ख्या पिढीचा बिल्ला. त्याचंही कारण साधं आहे. पेन भरलेलं असतं तोवर ठीक. शाई निम्म्यावर आली की आत हवा जास्त. ती हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून ड्रॉपरचं पेन अर्धं रिकामं झालं की लगेच भरा, संपेपर्यंत थांबू नका.

पिशवी बदलायची तर ती चिकटवायला लागते लाख. हो, आपली लाख, किड्याच्या राळेची, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. अमेरिकेतल्या कारखान्यांतही पेनाच्या पिशव्या लाखेनेच चिकटवायचे. इथून तासाभराच्या वाटेवर सावंतवाडीला लाकडी खेळण्यांवर जी लाख चढते, त्याच कुळातली. सावंतवाडीचा कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावतो, घर्षणाने ती वितळते आणि रंग बसतो. मी एबोनाइट घासताना त्या चरकाची नेहमी आठवण येते. लाखच का, फेविक्विक का नाही? कारण लाख थोड्या उबेने परत सुटते. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला हे पेन उघडावं लागेल, त्याला ते न फोडता उघडता आलं पाहिजे. फेविक्विक लावलेलं पेन माझ्याकडे आलं की मी हात जोडतो.

आता त्या मनीऑर्डरकडे. आचऱ्याकडच्या एक काकी, ऐंशीच्या पुढच्या. नातवाच्या गाडीवर बसून आल्या, पदराच्या गाठीत पेन. ड्रॉपरचं, एबोनाइटचं, नाव घासून गेलेलं, टोपणावर दातांच्या खुणा. पेन माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "हो पेन आता चलतलो काय रे झिला?"

मी भिंगाखाली निब धरलं. निबच्या टोकाला कडक धातूचा एक थेंब असतो, त्यावर इरिडियम म्हणून लिहिलेलं असतं. तो वर्षानुवर्षं कागदावर घासून झिजतो आणि ज्याच्या हातात पेन असतं त्याच्या हाताचा कोन त्यावर उतरतो. उजव्या हाताने तिरकं धरणाऱ्याचं निब एका बाजूला सपाट होतं. या निबवर एकच सपाटी नव्हती. तीन-चार वेगवेगळे उतार होते. एवढे हात कसे, म्हणून मी विचारलं. काकी म्हणाल्या, खोलीतलं पेन होतं. सगळ्यांची पत्रं त्यानेच जायची. १९८२चा संप झाला, गिरणी परत काही उघडली नाही, खोलीतली माणसं एकेक करून गावाला आली, आणि लिहिणारे त्यांचे यजमान होते म्हणून पेन त्यांच्याबरोबर आलं. गावाला आल्यावर यजमानांनी त्यांना बसवून स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. वयाच्या चाळिशीत. त्याआधी सगळ्या मनीऑर्डरींवर अंगठा.

"माजी पयली सही ह्याच पेनान झाली," त्या म्हणाल्या.

आता माझ्यापुढे प्रश्न. पेनदुरुस्तीचा रिवाज सांगतो की झिजलेलं निब घासून गोल करा किंवा बदला. एबोनाइटचा वरचा विटकरी थर बारीक पॉलिश कागदाने काढा, खाली मूळचा काळा मिळतो. दातांच्या खुणाही उबेने थोड्या वर आणता येतात. संग्राहक याला "नव्यासारखं" म्हणतात आणि त्याचेच पैसे देतात. पण त्या उतारांत एका खोलीतली माणसं होती. घासले की संपलं, परत आणायचा मार्ग नाही. मी काकींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. पेन काळंभोर होईल, निब मऊ चालेल, पण हे सगळं जाईल. त्यांनी फार विचार केला नाही. "काळो कित्याक करतंस? असोच ऱ्हवांदे. खालती शाई येवक होयी, बस."

म्हणून जीभ तेवढी थंड पाण्यात ब्रशने साफ केली, चिरांतली वाळलेली शाई काढली, निबचे दोन फाटे एका रेषेत आणले, आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. निळी शाई भरली. पेन एका कोनात सुरेख चाललं, दुसऱ्या कोनात खरखरलं. काकींनी टेबलावरच्या बिलबुकाच्या मागे नाव लिहिलं. त्यांचा कोन कोणता हे त्यांच्या हाताला माहीत होतं, पेन खरखरलं नाही.

हा निर्णय प्रत्येक पेनाला लागू होत नाही हेही सांगतो. पार्कर ५१ घ्या, १९४१ मध्ये बाजारात आलेलं. नाव ५१, कारण ते तयार झालं १९३९ मध्ये, कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी. निब झाकलेलं, रेषा स्वच्छ, लाखोंनी बनलेलं. ते पॉलिश करा, सुटे भाग बदला, काही बिघडत नाही. किती तरी पार्कर ५१ मी डोळे मिटून चकाचक केलीत. ज्या पेनाची कथा कारखान्यातच आहे ते कारखान्यातून निघालं तसं करावं. ज्याची कथा नंतर घडली त्याला जरा जपून हात लावावा. हे माझं मत, पुण्या-मुंबईतले काही जाणकार याच्या उलट सांगतील आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा शंभरपट पेनं आहेत.

बाकी शेवट तुम्हाला माहीत आहे. लास्लो बिरोने १९३८ मध्ये बॉलपेनाचं पेटंट घेतलं, १९४५ मध्ये न्यूयॉर्कला साडेबारा डॉलरला ते विकायला आलं. आपल्याकडे पोचायला आणि स्वस्त व्हायला वेळ लागला. तोवर शाळांत "बॉलपेनाने अक्षर बिघडतं" म्हणून मास्तर कान पिळत होते आणि पार्कर ५१च्या वळणावर बनलेलं चिनी हीरो पेन मुलांचं स्वप्न होतं. मग रिफिल आली, आणि शाईपेनं ट्रंकेत गेली.

तर ट्रंकेतलं पेन सापडलेल्यांनो, किंमतीचं एवढंच. ऑनलाइन "रिस्टोअर्ड, व्हिंटेज" लिहिलेलं दिसलं तर निबचा जवळून फोटो मागा. टोपण एका पेनाचं, पोट दुसऱ्याचं, निब तिसऱ्याचं असा मेळ घालून विकणारे खूप आहेत. सोन्याच्या निबवर कॅरेट कोरलेलं असतं, पिवळं दिसलं म्हणजे सोनं नव्हे. आणि विकण्याआधी, घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्या हातात पेन द्या आणि कोणाचं होतं ते विचारा. फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा.

पावसाळ्यात पेन प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी येते. शाई काढून, धुऊन, सुती फडक्यात ठेवा. दोडामार्गच्या एका ऐकणाऱ्याने विचारलंय की तिकडच्या बागांतल्या रबरापासून एबोनाइट करता येईल का. तत्त्वतः येईल, रबर तेच आणि गंधकही तेच, पण भट्टी आणि दाब सांभाळणं घरच्या घरी जमणारं नाही. त्यावर एक वेगळा भाग करू. निबचे फोटो पाठवत राहा, भिंगातून काढलेले असतील तर उत्तम.